झाकायची राहिलेली शेवंती

चिटणीससाहेब, तुम्ही परवा दारात उभं राहून म्हणालात, "वहिनी, ताईंवर दोन पानं लिहून द्या. आपल्या पुष्पमंडळाच्या वार्षिक पुस्तिकेत घालू. जरा चांगलं चांगलं लिहा." चांगलं चांगलं हवं होतं तर तुम्हीच लिहायचं होतंत. तुमचा हात बसलाय त्यात. दर वर्षी कोणी ना कोणी जातं आणि तुम्ही तोच मजकूर पुन्हा फिरवता: मनमिळाऊ स्वभाव, फुलांवर जिवापाड प्रेम. आमच्या वन्सं मनमिळाऊ बिलकूल नव्हत्या. एकतीस वर्षं मी त्यांच्याबरोबर एका छपराखाली काढली, मला नका सांगू. तेव्हा मी लिहिणार ते असं आहे. छापा नाहीतर चुलीत घाला.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या अडतिशीच्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं, करायचा विचारही नव्हता, आणि कोणी विषय काढलाच तर त्या चष्म्यावरून अशा बघायच्या की समोरच्याला आपण काहीतरी अशुद्ध बोललो असं वाटावं. त्या छापखान्यात प्रूफं वाचायच्या. कानावर सदा पेन्सिल. मी फळीवर चिठ्ठी ठेवून बाजारात गेले, की परत येईपर्यंत तिच्यातल्या दोन वेलांट्या दुरुस्त झालेल्या असायच्या. निरोप वाचला की नाही ते देव जाणे, चुका मात्र वाचलेल्या असायच्या! पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची नावं तपासली. पुस्तकांवरची, पाट्यांवरची, टेलिफोनच्या जाड पुस्तकातली हजारो. त्यांचं स्वतःचं नाव कधी कशावर छापून आलं नाही. प्रूफ वाचणारीचं नाव कोण छापतो?

त्यांचा एक नियम होता. कोणतीही गोष्ट एकदाच मागायची. मिळाली तर मिळाली, नाही मिळाली तर तो विषय संपला. जेवताना मीठ मागितलं आणि माझं लक्ष नसलं, तर त्या अळणी जेवून उठायच्या, पण दुसऱ्यांदा मागायच्या नाहीत. मला याचा भयंकर राग यायचा. अहो, माणूस आहे, राहतं एखादवेळी ऐकायचं! पण नाही. आणि मग दिवसभर त्यांचं ते न बोलणं घरात वावरत राहायचं.

छापखाना पाडला तेव्हा वन्संनी मालकाकडे जुन्या खिडक्या मागितल्या. एकदाच. मालकाने दिल्या. चौदा खिडक्या हातगाडीवरून घरी आल्या आणि सुताराने आमच्या परसात, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, त्यांचं काचघर उभं केलं. ती जागा मला कपडे वाळत घालायला हवी होती. मी ह्यांना तसं सांगितलंही. हे म्हणाले, "ताईचं एवढं एकच वेड आहे, होऊ दे." तेव्हापासून माझे कपडे जिन्यात वाळतात आणि वर्षातले सहा महिने आम्ही दमट वासाचे घालतो.

त्या काचघरात वन्सं उशिराची शेवंती लावायच्या. तुम्हाला ठाऊकच आहे, पण तुमची पुस्तिका चुकून कोणी बाहेरचा वाचेल म्हणून लिहिते. सगळीकडची शेवंती संपते तेव्हा ही सुरू होते. उन्हाळाभर कुंड्या बाहेर, थंडीचा पहिला कडाका पडायच्या आत काचेखाली, आणि बाहेर झाडांचे नुसते खराटे उरलेले असताना आत थाळीएवढाली फुलं. पाणी घालायचं ते बुडाशी, पाकळीवर एक थेंब पडला तर तिथे डाग पडून फूल सडतं. एका काठीवर एकच कळी राखायची, बाकीच्या दहा-बारा नखाने खुडून टाकायच्या. मला ते बघवत नसे. वन्सं मात्र शेंगा सोलाव्यात तितक्या सहज खुडायच्या. आमच्या सासऱ्यांनी घरात हेच केलं होतं. मुलीची शाळा सोडवली, मुलाला शिकवलं. फक्त त्यांनी कळी चुकीची राखली.

हे मी ह्यांच्या तोंडावरही म्हटलेलं आहे, त्यामुळे छापायला हरकत नाही.

आता मुद्द्याचं. एका हिवाळ्यात एका पिवळ्या झाडाच्या एकाच फांदीवर भलतंच फूल आलं. बाहेरून जुन्या पितळेसारखं आणि आतून गडद, जांभळ्याकडे झुकणारं तांबडं. वन्संनी त्या फांदीची छाटं लावली, आणि पुढच्या वर्षी सगळ्या झाडांवर तेच फूल आलं. त्यांनी तुम्हाला दाखवलं. तुम्ही मंडळाचा नियम सांगितलात: नवं फूल लागोपाठ तीन हिवाळे, प्रदर्शनाच्या दिवशी, एकसारखी तीन फुलं मांडून दाखवायचं. ते जमलं की फुलाला नाव देता येतं आणि मंडळाच्या छापील यादीत ते नाव येतं, शेजारी लावणाऱ्याचं नाव.

"छापील?" वन्संनी विचारलं.

"छापील," तुम्ही म्हणालात.

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं. अगदी बेसूर. पण चक्क गुणगुणत होत्या हो!

पहिला हिवाळा पार पडला, दुसराही पार पडला. तिसऱ्याच्या आधी उन्हाळ्यात तुम्ही कुंड्या बघायला आलात. आठवतं? मी चहा घेऊन परसात आले. तुम्ही सभ्यपणे विचारलंत, "वहिनींची पण मदत होत असेल ना?" आणि वन्सं माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हिला यातलं काही कळत नाही. ही आत असते."

ही आत असते! जसं काही मी एखादं कपाट. सासूबाईंचं दुखणं मी काढलं, ह्यांचे पाय मी दाबले, वन्संच्या मातीने भरलेल्या चपलांचे ठसे एकतीस वर्षं मी पुसले, आणि मी काय तर आत असते. तुम्ही हसलात आणि बिस्किट उचललंत. मी ट्रे घेऊन आत आले. ते वाक्य माझ्या मनात काट्यासारखं रुतून बसलं, ते गेलंच नाही.

त्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या ह्यांनी दिवा आणला. निवृत्त झाल्यावर ह्यांना गल्लीच्या समितीचं अध्यक्ष केलं होतं, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. मागच्या बोळात अंधार असतो, दिवा हवा, म्हणून ह्यांनी पालिकेत खेटे घातले. दोन वर्षं अर्ज, सह्या, फोटो. शेवटी खांब आला, त्यावर पांढराशुभ्र झगझगीत दिवा आला, आणि तो नेमका आमच्या परसाच्या कुंपणाला लागून उभा राहिला. लोक ह्यांना खांबसाहेब म्हणायला लागले. चेष्टेनेच म्हणत, पण ह्यांना ते खरं वाटायचं.

पहिल्याच संध्याकाळी दिवा लागला आणि त्याचा उजेड काचघरातून आरपार येऊन मागच्या खोलीत, वन्संच्या खोलीच्या छतावर पडला. चौदा खिडक्यांच्या चौकटी छतावर अशा उमटल्या, की मोजून घ्याव्यात. वन्सं कितीतरी वेळ वर बघत उभ्या राहिल्या. मग बाहेर येऊन ह्यांना म्हणाल्या, "बाळ, या दिव्याला माझ्या बाजूने एक पत्रा लावून दे. दोन महिने पुरे. शेवंतीला मोठी रात्र लागते. रात्र मोठी झाली हे कळलं तरच ती कळी धरते. हा उजेड असला तर तिला वाटेल अजून उन्हाळाच आहे."

चौसष्ट वर्षांच्या माणसाला त्या बाळ म्हणायच्या. बाळाने काय करावं? बाळ म्हणाला, "ताई, आजच तर उद्घाटन झालं. माझ्याच घरातून पत्रा लागला तर लोक तोंडावर हसतील माझ्या. आणि फुलांना काय घड्याळ कळतं का?"

वन्सं "बरं" म्हणाल्या. एकदा मागून झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शिवण काढलं. जुन्या पांघरुणांना काळं जाड कापड जोडलं, कडेने कड्या लावल्या, काचघरावरून तारा ओढल्या. पडदा सरकवावा तसं ते काठीने सरकवायचं. दिवे लागायच्या आत झाकायचं, सकाळी उघडायचं. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. सदुसष्ट वर्षांची बाई रोज संध्याकाळी काठी घेऊन आपल्या भावाच्या दिव्यापासून आपली झाडं झाकत होती, आणि भाऊ पुढच्या दारात लोकांना दिव्याची हकिगत सांगत होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. कीव यायची आणि गंमतही वाटायची. खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या आठवड्यात वन्संना ताप भरला. साधासुधा नाही, उभं राहिलं की भोवळ यायची. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर पलंगावरून उठायचं नाही. दुपारी त्यांनी मला हाक मारली. काठी कुठे आहे, कोणत्या बाजूने सुरू करायचं, कोपऱ्यातली कडी अडकते तिथे काय करायचं, सगळं सांगितलं. "हेच दिवस महत्त्वाचे आहेत गं," म्हणाल्या. "आत्ता कळी धरतेय. आत्ता उजेड लागला तर तिथेच थांबेल."

"मला त्यातलं काय कळतंय?" मी म्हटलं. "मी आपली आत असते."

त्यांना आठवलंच नाही. आपण काय बोललो होतो ते त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं, आणि मी चार महिने ते उराशी धरून बसले होते. त्या नुसत्याच म्हणाल्या, "करशील ना?"

"करीन," मी म्हटलं.

पहिल्या संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता. माझा गुडघा ठणकत होता, शेगडीवर दूध होतं, ह्यांच्याकडे समितीचे चार रिकामटेकडे येऊन बसले होते. दूध उतरवते आणि जाते असं म्हणता म्हणता दिवा लागला. आता लागलाच आहे, म्हटलं, उद्या बघू. वन्संना औषध द्यायला गेले. त्या डोळे मिटून पडल्या होत्या.

"झाकलं का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. आजारी माणसाला कशाला त्रास, असं मी मनाशी म्हटलं. किती छान सबब होती बघा!

दुसऱ्या संध्याकाळी पाऊस नव्हता. मी काठी हातात घेतलीसुद्धा. मग मनात आलं, काल नाही झाकलं तरी कुठे काय झालंय? झाडं होती तशीच तर आहेत. पाच-सहा पानांच्या आड टाचणीच्या डोक्याएवढ्या त्या कळ्या, त्यांना दिवा दिसतो म्हणे! काठी परत भिंतीला टेकवली. "झाकलं का?" "हो."

तिसऱ्या संध्याकाळी मी परसात गेलेच नाही. "झाकलं का?" "हो हो, झाकलं."

चौथ्या संध्याकाळी मी गेले. काचघराच्या दारात उभी राहिले. दिव्याच्या उजेडात सगळ्या कुंड्या लख्ख दिसत होत्या. त्या बाईचं आयुष्यभराचं एकुलतं एक मागणं तिथे माझ्या पायाशी ठेवलेलं होतं आणि काठी माझ्या हाताला लागेल अशी उभी होती. मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. बाहेर मी होते आणि आत त्या होत्या. मी हात कोरडे केले आणि घरात आले.

त्या संध्याकाळी वन्सं पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर लाकडाची एक बारकी पट्टी होती, कुंडीत खोचतात तसली, आजारी पडायच्या आधीच खोलीत आणून ठेवलेली, आणि हातात पेन्सिल. कुंडीपट्टीवर त्या सगळ्या तारखा लिहून ठेवायच्या: छाट कधी लावलं, शेंडा कधी खुडला, आत कधी घेतली. तापातही प्रूफं चालू आहेत, मी मनात म्हटलं.

"झाकलं का?" त्यांनी विचारलं. या वेळी डोळे उघडे होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"झाकलं म्हटलं ना!" मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

पाचव्या संध्याकाळी भिंतीला धरून धरून त्या स्वतः उठल्या, आणि मी "अहो डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणेपर्यंत परसात पोचल्याही. पुढे शेवटपर्यंत त्यांनीच झाकलं. मी काठीला हात लावला नाही, त्यांनी लाव म्हटलंही नाही.

पुढचं तुमच्या डोळ्यांसमोरच झालं. डिसेंबरचा पहिला रविवार. इतरांच्या कुंड्या फुलांनी वाकलेल्या आणि वन्संच्या तीन काठ्यांवर तीन घट्ट हिरव्या कळ्या, फुटाण्याएवढ्या. तरी त्या घेऊन आल्या होत्या. चांगला कोट घातला होता, केस नीट विंचरले होते. मी कुंड्या धरायला बरोबर होते. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत आणि म्हणालात, "ताई, कळ्या मांडून कसं चालेल? नियम सगळ्यांना सारखा. आणि आता मधे खंड पडला म्हणजे पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षं."

सदुसष्ट वर्षांच्या बाईला तुम्ही तीन वर्षं सांगितलीत. तुमचंही काही चुकलं नाही म्हणा, नियम तो नियम. वन्सं म्हणाल्या, "बरोबर आहे," आणि आम्ही कुंड्या उचलून घरी आलो. रस्त्यात मी काहीतरी बडबडत होते, यंदा हवाच विचित्र होती वगैरे. त्या ऐकत होत्या की नाही मला माहीत नाही.

तीन आठवड्यांनी ती फुललीच. कशी फुलली! मी इतक्या वर्षांत त्या काचघरात तसं काही बघितलं नव्हतं. आतलं तांबडं इतकं गडद, की ह्यांनीसुद्धा दिव्याचं बोलणं थांबवून बघितलं. "ताई, कमाल आहे," हे म्हणाले. बघायला आम्ही दोघंच. यादी तोवर छापायला गेली होती.

फुलं संपल्यावर खोडं कापून, बुडाला फुटलेले कोवळे कोंब काढून नवी छाटं लावायची, तेव्हाच पुढच्या वर्षी तेच फूल मिळतं. फेब्रुवारी आला तरी वन्संनी छाटं लावली नाहीत. एका सकाळी बुडखे मातीसकट कुंपणाशी ओतले आणि मला म्हणाल्या, "कुंड्या धुऊन ठेवशील का? कोणाला हव्या असल्या तर देऊन टाकू."

मी परसात बसून कुंड्या घासायला लागले. तिसऱ्या कुंडीच्या तळाशी ती पट्टी चिकटलेली होती. चिखल पुसला. वन्संचं ते बारीक, रेघेत बसवलेलं अक्षर. छाट लावलं. शेंडा खुडला. आत घेतली. झाकायला सुरुवात. त्याच्याखाली ऑक्टोबरच्या चार तारखा, एकाखाली एक, आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द: उजेड. उजेड. उजेड. उजेड. अक्षर हललेलं होतं, तापात लिहिलेलं.

मला तिथेच त्यांचं छत आठवलं. चौदा खिडक्यांच्या चौकटी. झाकलं की छत काळं, नाही झाकलं की उजेड. त्या पलंगावर उताण्या पडलेल्या होत्या, दुसरं काही दिसतच नव्हतं त्यांना. मी औषधाचा चमचा घेऊन त्याच उजेडात उभी राहून "हो" म्हणत होते.

वन्सं दाराशी येऊन उभ्या होत्या. पट्टी माझ्या हातात होती, लपवायला वेळच मिळाला नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग ओरडला का नाहीत माझ्यावर? ह्यांना का नाही हाक मारलीत? तोंड का नाही उघडलंत वन्सं?"

वन्संनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"विचारलं की," त्या म्हणाल्या. "चारदा विचारलं."

मग कुंड्या उन्हात पालथ्या घाल, एवढं सांगून त्या आत गेल्या.